आधी फोनला कुलूप, मग सिम बंद: कुर्ल्याला हिसकावलेल्या एका फोनचं प्रकरण

हे प्रकरण कुणा एकाच व्यक्तीचं नाही. मुंबईच्या लोकलमध्ये फोन गेल्यावर पुढे जे वारंवार घडतं, ते एका संध्याकाळीत बसवून मांडलं आहे. वेळा आणि रकमा त्या बेताने धरल्या आहेत. नियम, हेल्पलाइनचे नंबर आणि फोनमधल्या सोयी मात्र खऱ्या आहेत.

सीएसएमटीहून सुटलेली कल्याण फास्ट. लेडीज सेकंड क्लास, गर्दी नेहमीची. प्रवासी बाई डोंबिवलीला उतरणार, म्हणून दाराजवळ उभी. हातात दीड वर्षांचा अँड्रॉइड फोन, त्यावर मालिकेचा भाग चालू. कुर्ल्याला गाडी थांबली आणि हलली. फलाटावरच्या एका पोराने गाडीबरोबर चार पावलं टाकली, आत हात घातला, फोन ओढला आणि उलट्या दिशेने पळाला. वेळ 7:22. गाडीने तोवर वेग घेतला होता. इथे मागे उडी मारणं म्हणजे फोनच्या मागोमाग जीवही घालवणं. रुळांलगत उभं राहून हातावर काठी मारायची आणि फोन खाली पाडायचा, हा 'फटका' याच चोरीचा जुना प्रकार. त्यात माणसं दारातून खाली पडून पाय गमावून बसली आहेत.

या चोरीत एक गोष्ट बाकी सगळ्यावर मात करते: फोन उघडा गेला. खिशातून मारलेला फोन बहुधा लॉक असतो. चोराच्या दृष्टीने तो सुट्या भागांचा माल, स्क्रीन आणि बॅटरीच्या भावाचा. चालू व्हिडिओसकट हिसकावलेला फोन म्हणजे उघडं घर. ते उघडं ठेवायला चोराला फार अक्कल लागत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन स्क्रीन बंद होण्याची वेळ 30 सेकंदांवरून 10 किंवा 30 मिनिटांवर न्यायची, बस. त्यासाठी फोन पिन मागत नाही.

पहिली वीस मिनिटं

7:24 ला शेजारच्या बाईने स्वतःचा फोन पुढे केला. "घ्या ताई, आधी रिंग देऊन बघा." रिंग दिली. पाच वेळा. दोनदा वाजली, मग कट झाली. जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो आणि यातून काहीच हाती लागत नाही. चोर फोन उचलून "हो, परत आणून देतो" म्हणणार नसतो.

7:29 ला घाटकोपरला उतरून तिने नवऱ्याला फोन लावला. पाठ असलेला तेवढा एकच नंबर. त्याने लगेच सिम कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला, नाव, जन्मतारीख, पत्ता सांगितला आणि 7:41 ला सिम बंद करवलं. घरच्या माणसाने तत्परता दाखवली, असंच कुणीही म्हणेल. चूक नेमकी इथेच झाली, आणि तीही दुहेरी.

पहिली अशी. फोनचं इंटरनेट याच सिमवर चालत होतं. सिम बंद झालं तसा फोन नेटवरून तुटला. दुरून लॉक करायचं, ठावठिकाणा बघायचा किंवा सगळं पुसायचं, यातलं प्रत्येक काम फोनपर्यंत पोचायला नेट लागतं. चोर स्वतःच फोन ऑफलाइन करेल की काय अशी भीती असते. इथे ते काम घरच्यांनीच केलं.

दुसरी अशी. फोनमध्ये सिम दोन होती. बंद केलं ते रोजच्या बोलण्याचं. पगाराच्या खात्याला जोडलेला नंबर दुसऱ्या, जुन्या सिमचा होता. त्यावर नेट नव्हतं, पण एसएमएस येत होते. म्हणजे बँकेचे ओटीपी चोराच्या हातातल्या स्क्रीनवर येत राहिले.

7:50 ला नवऱ्याने लॅपटॉपवर तिचं गूगल खातं उघडायला घेतलं, फाइंड हबमधून फोन शोधायला. पासवर्ड तिने फोनवरून सांगितला. त्यापुढे गूगलने विचारलं: तुमच्या फोनवर आलेल्या सूचनेवर 'होय' दाबा. तो फोन चोराकडे. दुसरा पर्याय एसएमएसचा, तो गेला बंद केलेल्या सिमवर. फोन हाताशी नसताना खात्यात शिरायला जे बॅकअप कोड आधी काढून ठेवायचे असतात, ते काढलेले नव्हते. मालकीणच खात्याबाहेर राहिली.

ती दोन मिनिटं कशी वापरायची होती

7:24 ला शेजारणीचा फोन हातात आला तेव्हा चोरीच्या फोनचं नेट चालू होतं. त्या क्षणी तिच्या ब्राउझरमध्ये अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक हे पान उघडून आपला नंबर टाकायचा आणि 'मी रोबो नाही' ची खूण पुरी करायची, एवढंच काम होतं. गूगलचा पासवर्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही. फोन नेटवर असेल तर स्क्रीन लॉक होते. या सोयीचं नाव रिमोट लॉक. ती अँड्रॉइड 10 आणि पुढच्या फोनवर चालते. अट मात्र अशी की सेटिंग्जमध्ये ती आधी चालू करून आपला नंबर तिथे पडताळून घेतलेला असावा, आणि फोनला पिन किंवा पॅटर्न असावा. फोन गेल्यावर ती चालू करता येत नाही.

आयफोनवाल्यांनी कुणाच्याही फोनवर आयक्लाउड डॉट कॉम स्लॅश फाइंड उघडावं. तिथे ॲपल खात्याचा पासवर्ड पुरतो, दुसऱ्या टप्प्याचा कोड मागत नाहीत. फोन निवडून लॉस्ट मोड, म्हणजे हरवलेल्या फोनचं कुलूप, लावायचा. फोन ऑफलाइन दिसला तरी लावूनच ठेवायचा, कारण तो नेटवर आला की आज्ञा लागू होते.

म्हणून क्रम असा: आधी लॉक, लगोलग बँक आणि यूपीआय, आणि मग सिम. दोन्ही सिम. लॉकसाठी दोन-तीन मिनिटांहून जास्त झगडू नये. फोन आधीच बंद किंवा ऑफलाइन झाला असेल तर थांबण्यात अर्थ नाही, सरळ सिम बंद करावं. 'आधी सिम बंद करा' हा सल्ला जुना आहे. फोनमध्ये बोलण्यापलीकडे फारसं काही नसायचं तेव्हाचा.

या प्रकरणात एक विचित्र गोष्टही आहे. अँड्रॉइडच्या चोरी-संरक्षणात ऑफलाइन डिव्हाइस लॉक नावाचं एक बटण असतं. उघडा फोन नेटवरून तुटलेला राहिला की थोड्या वेळाने तो आपणहून लॉक होतो. ते चालू असतं तर 7:41 ला सिम बंद केल्यानेच फोनला कुलूप लागलं असतं. एका बटणाचा फरक. त्याच्याच शेजारी थेफ्ट डिटेक्शन लॉक असतं. हातातून झटका बसून फोन पळू लागला की तो हालचालीवरून ओळखून स्क्रीन बंद करतं. दरवेळी लागेलच याचा भरवसा नाही, पण चालू ठेवायला काही खर्च नाही.

पैसे कसे गेले

8:05 च्या सुमारास चोराने तो फोन स्वतःच्या हॉटस्पॉटला जोडला. पुढचं सगळं गॅलरीत होतं.

फोनमधल्या यूपीआय ॲपला स्वतंत्र लॉक लावलेला नव्हता, ते थेट उघडलं. यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे छोट्या खर्चाच्या पाकिटात, 1,740 रुपये होते. लाइटला पिन लागत नाही आणि एका व्यवहाराला 1,000 ची मर्यादा असते. म्हणून 1,000 आणि 740 असे दोन फटके. खात्यातल्या पैशांना मात्र यूपीआय पिन लागतो आणि तो चोराला माहीत नव्हता. त्याने 'पिन विसरलात?' दाबलं. ॲप अशा वेळी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत संपण्याचा महिना-वर्ष मागतं. दिवाळीच्या ऑनलाइन खरेदीसाठी तिने भावाला कार्डाचा फोटो पाठवला होता, दोन्ही बाजूंचा. तो व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये तसाच पडून होता. ओटीपी दुसऱ्या सिमवर आला. काही बँका या टप्प्यावर एटीएमचा पिनही मागतात. या बँकेने मागितला नाही. नवा पिन तयार झाला आणि 8:11 ला 24,500, 8:14 ला 18,000 गेले.

कार्ड नसलं तर आधारच्या वाटेनेही पिन बदलता येतो. तिथे आधार क्रमांकाचे पहिले सहा आकडे आणि ओटीपी. आधारची पीडीएफ कुणाच्या फोनमध्ये नसते?

या प्रकाराला लोक 'फोन हॅक झाला' म्हणतात. हॅकिंग इथे कुठेच नव्हतं. कुलूप शाबूत होतं, किल्ली दाराखालीच ठेवलेली होती.

व्यवहाराचे एसएमएस चोरीच्याच फोनवर जात होते. 9 वाजता लॅपटॉपवर बँकेचा ईमेल दिसला तेव्हा कळलं. 9:05 ला 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन झाला. तिथे चार गोष्टी हाताशी लागतात: खातं कुठल्या बँकेचं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. तो ईमेलमध्ये किंवा नेटबँकिंगच्या स्टेटमेंटमध्ये सापडतो. तक्रार पोचते ती पैसा ज्या बँकेत गेला तिथपर्यंत, आणि पैसा अजून तिथेच असेल तर अडवला जातो. 18,000 असे अडले. 24,500 तोवर पुढच्या खात्यातून एटीएममधून निघाले होते. पन्नास मिनिटांत. हेल्पलाइनवर मिळालेल्या पोचक्रमांकाने सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार पुरी भरावी लागते, ती राहून गेली तर सगळं अर्धवट लटकतं. अडवलेले पैसेही आपोआप खात्यात येत नाहीत.

बँकेला लेखी कळवायचं ते वेगळं. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ नोंदलेला तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं असेल, तर ग्राहकावर जबाबदारी येत नाही. कार्डाचा फोटो फोनमध्ये होता हे कळलं की बँक निष्काळजीपणाचं बोट दाखवणारच. पण ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, हेही त्याच परिपत्रकात आहे. ते वाक्य तक्रारीत उतरवावं. 30 दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

चौकीवर

लोकलमधली किंवा फलाटावरची चोरी रेल्वे पोलिसांकडे, म्हणजे जीआरपीकडे नोंदवायची. आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, वेगळं; असा गुन्हा नोंदवण्याचं काम त्यांचं नाही. मदतीसाठी जीआरपीचा नंबर 1512.

टेबलावर पहिला प्रश्न येतो: "फोन पडला की चोरला?" घाईत "गर्दीत गेला" असं उत्तर दिलं तर हातात मोबाइल गहाळ झाल्याचा दाखला पडतो. हातातून ओढून नेलेला फोन गहाळ नसतो. भारतीय न्याय संहितेत 1 जुलै 2024 पासून हिसकावण्याला स्वतंत्र कलम आहे, 304, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. सांगताना क्रमाने सांगावं: कुठली गाडी, कुठला डबा, दाराच्या कुठल्या बाजूला उभी होते, गाडी सुरू झाल्यावर किती वेळाने, कुठल्या दिशेला पळाला. फलाटावरचं सीसीटीव्ही फुटेज काढायला याचाच उपयोग होतो. घटना कुर्ल्याची आणि तक्रार घाटकोपरला, म्हणून कुणी परत पाठवलं तर जाऊ नये. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवायचा असतो, याला झिरो एफआयआर म्हणतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते. फोनचा विमा असेल तर ती प्रत लागतेच, आणि विमा कंपनीला कळवायची मुदत बहुतेक वेळा तासांत मोजलेली असते, तेव्हा पॉलिसीचा कागद त्याच रात्री वाचावा.

आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळखक्रमांक, विचारतात, पंधरा आकडी. दोन सिमच्या फोनचे दोन. हातात फोन असताना *#06# दाबलं की दिसतात. फोन गेल्यावर ते खोक्यावर आणि बिलावर सापडतात, नाहीतर गूगल किंवा ॲपल खात्यातल्या उपकरणांच्या यादीत.

सिम, आणि एक दिवसाचा खोळंबा

दुसऱ्या दिवशी आधार दाखवून दोन्ही नंबरांची डुप्लिकेट सिम घेतली. लगेच संचार साथीच्या सीईआयआर या चोरीचे फोन बंद पाडणाऱ्या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करायला बसली, तर ओटीपी येईना. बदलून घेतलेल्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस येत नाहीत आणि जात नाहीत. हा बिघाड नाही, सिम बदलून होणाऱ्या फसवणुकीला घातलेला आळा आहे. यूपीआयची नोंदणी आपल्या सिमवरून एसएमएस पाठवून होते, म्हणून तीही तोवर अडते. तेवढ्या दिवसासाठी खिशात रोख असावी. कॉल मात्र चालतात, त्यामुळे व्हॉट्सॲप 'कॉल करून कोड सांगा' या पर्यायाने नव्या फोनवर घेता येतं. तसं घेतलं की चोरीच्या फोनवरचं बंद पडतं. हे नवं सिम चालू झाल्यावर पहिल्या तासाभरात उरकावं, नाहीतर "अडचणीत आहे, दहा हजार पाठव" हा मेसेज मावशीपर्यंत आणि ऑफिसच्या ग्रुपवर जातो.

तिसऱ्या दिवशी सीईआयआरचा अर्ज भरला: नंबर, दोन्ही आयएमईआय, बिल, एफआयआरची प्रत, ओळखपत्र. अर्जाचा क्रमांक मिळाला. साधारण 24 तासांत फोन देशातल्या कुठल्याही कंपनीच्या सिमवर चालेनासा होतो. ही यंत्रणा सप्टेंबर 2019 मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली आणि मे 2023 मध्ये देशभर आली. तिच्या मर्यादाही ओळखाव्यात: वायफायवर फोन चालतोच, आणि माल सीमेपार गेला तर तिथे या यादीला अर्थ नाही. पण ब्लॉक केलेल्या फोनमध्ये कुणी सिम घातलं की त्याची खबर पोलिसांना मिळते. बरेचसे फोन असेच सापडतात.

चौथ्या दिवशी नवऱ्याच्या नंबरवर मेसेज आला: तुमचा फोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी इथे लॉगिन करा. हा नंबर चोराकडे कसा गेला? खात्यात अखेर शिरता आल्यावर फाइंड हबमधून स्क्रीनवर 'हरवलेला फोन, कृपया संपर्क करा' असं त्यांनीच लिहिलं होतं, खाली नंबरसकट. फोन पुसला तरी जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड किंवा स्क्रीनचा पिन मागतो, त्याशिवाय चोराला तो विकता येत नाही. म्हणून तो मालकालाच विचारतो. कधी लिंक येते, कधी पोलीस असल्याचं सांगून कुणी पॅटर्न विचारतं. आयफोनच्या बाबतीत हा प्रकार आणखी जास्त. तिथे 'हा फोन तुमच्या खात्यातून काढा, नाहीतर फोटो पसरवू' अशी धमकीही येते. काढायचा नाही. काढला की फोन मोकळा झाला. लॉक फोन एकदा बंद होऊन चालू झाला की पिन टाकेपर्यंत आतला डेटा वाचता येत नाही, म्हणून त्या धमकीत दम नसतो.

नव्या फोनवर काय केलं

पहिलं काम सिमला पिन लावणं. सेटिंग्जमध्ये सिम लॉक शोधायचं, कंपनीचा मूळ पिन टाकायचा, मग आपला ठेवायचा. मूळ पिन अंदाजाने टाकू नये. तीन वेळा चुकला की फोन पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कोड, मागतो आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं जातं. कस्टमर केअरला विचारून घ्यावा. याने एक वाट पक्की बंद होते: चोर सिम काढून स्वतःच्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी घेतो, ती. दोन सिम असतील तर पिन दोन्हींना.

मग सेटिंग्ज, गूगल, ऑल सर्व्हिसेस, थेफ्ट प्रोटेक्शन. तिथली तिन्ही बटणं चालू, नंबर पडताळलेला, आणि लगेच नवऱ्याच्या फोनवरून स्वतःचा फोन एकदा लॉक करून पाहिला. ही रंगीत तालीम केल्याशिवाय गाडीत आठवत नाही. गूगलचे दहा बॅकअप कोड कागदावर, एक प्रत घरी आणि एक पर्समध्ये, त्यावर ईमेल न लिहिता. आयफोन असता तर फेस आयडीच्या पानावर जाऊन कुलूपबंद स्क्रीनवरून कंट्रोल सेंटर बंद केलं असतं, कारण तिथूनच एका बोटाने विमान मोड लागतो. शिवाय स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन, आयओएस 17.3 पासून आलेलं. ओळखीच्या जागेबाहेर खात्याचा पासवर्ड बदलायला ते चेहरा किंवा बोट मागतं आणि वर तासभर थांबवतं.

यूपीआय ॲपला लॉक. यूपीआयला जोडलेलं खातं वेगळं, त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद. कार्ड आणि आधारचे फोटो गॅलरीतून, व्हॉट्सॲपमधून आणि कचरापेटीतूनही काढले. बॅकअप घेतलेला फोटो गूगल फोटोजच्या कचरापेटीत 60 दिवस तसाच राहतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. भावाच्या फोनमधून कार्डाचा फोटो काढायला त्याला दोनदा आठवण करावी लागली. शेवटी बँकेला सांगून कार्डच बदललं.

पाच महिन्यांनी जीआरपीचा फोन आला, चोरीचा फोन सापडला होता. एफआयआर आणि बिल दाखवून, कागदांवर सह्या करून तो ताब्यात मिळाला. घरी आणून आधी तो पूर्ण पुसला, मग सिम घातलं. नेटवर्क येईना. दोन दिवस दुकानाच्या चकरा झाल्या, कुणी अँटेना गेला म्हणालं, कुणी बोर्ड. फोन सीईआयआरवर अजून ब्लॉकच होता. अर्जाचा जुना क्रमांक टाकून अनब्लॉकची विनंती केली, आणि मग फोनला रेंज आली.